पीटर ग्रीनच्या गिटारमधलं उलटं चुंबक

प्रश्न : ब्रिटिश ब्लूज-रॉक म्हटलं की एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज ही तीनच गिटारवादकांची नावं कानावर पडतात. मला मात्र सुरुवातीच्या फ्लीटवुड मॅक या बँडमधल्या पीटर ग्रीनने वेड लावलंय. त्याच्या गिटारचा तो पोकळ, किंचित नाकातला आवाज कोणत्या पेडलचा (आवाज बदलणाऱ्या पायपेटीचा)? माझ्याकडे लेस पॉलच्या धर्तीची, दोन हमबकर (दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप) असलेली साधी गिटार आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पेडल कुठलंच नाही!

ती तीन नावं एका दमात घेतली जातात, कारण तिघेही यार्डबर्ड्स या बँडमधून आले. पण खरी तालीम जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये चालायची. १९६५ मध्ये क्लॅप्टन तिथे आला. पुढच्या वर्षी डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बँडच्या रेकॉर्डसाठी त्याने मार्शल अ‍ॅम्प जवळजवळ पूर्ण उघडून वाजवला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असा ताणला की आवाज फाटतो आणि सूर लांबतो. त्याला तेच हवं होतं. रेकॉर्ड निघाली तोवर स्वारी क्रीम या नव्या बँडच्या वाटेला लागली होती. त्याच्या जागी ग्रीन आला. १९६७ मध्ये तोही फ्लीटवुड मॅक काढायला बाहेर पडला आणि मेयॉलने अठरा वर्षांचा मिक टेलर उभा केला. तो १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सनी नेला. मेयॉलच्या चिकाटीला माझा नमस्कार.

आता तुमचा नाकातला आवाज. ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेककडच्या (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपचं, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचं, चुंबक उलटं बसलेलं होतं. एकच पिकअप चालू असताना काही कळत नाही. पिकअप निवडायचा स्विच मधोमध केला की दोन्ही पिकअप एकमेकांविरुद्ध काम करतात. खर्जाचा बराच भाग कापला जातो आणि उरतो तो बारीक, पोकळ आवाज.

तुमच्या गिटारवर हे जमेल. तारा उतरवून नेकचा पिकअप काढा. खालचे स्क्रू सैल केले की आतली चपटी चुंबकपट्टी सरकवून बाहेर येते. ती लांबीच्या अक्षावर पालथी करून परत घाला. वर धातूचं झाकण असेल तर आधी त्याचं सोल्डर काढावं लागेल. हात बसलेला नसेल तर कारागिराकडे द्या. पिकअपला जाळीची एकेरी वायर असेल तर तिची टोकं अदलाबदल करायच्या भानगडीत पडू नका, गुणगुण सुरू होईल. मग स्विच मध्ये ठेवून नेकचा व्हॉल्यूम हळूहळू कमी करत जा. दोन्ही अगदी सारखे असताना आवाज फारच मरतुकडा वाटतो. एक थोडा खाली आणला की त्यात जीव येतो.

ग्रीनची हीच गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूरकडे गेली. तो तयारीचा वादक, पण जागा दिसली की तान मारणारच. ग्रीन टाळ्यांसाठी तानबाजी करत नाही. ‘नीड युवर लव्ह सो बॅड’ (१९६८) लावा आणि गाण्याची ओळ संपल्यावर तो काय करतो ते ऐका: दोन-चार सूर, एखादी तार ओढून घेतलेली मींड, आणि गप्प. क्लॅप्टनच्या भक्तांनी रागावू नये, पण मला क्लॅप्टन आणि ग्रीन या दोघांत ग्रीनच उजवा वाटतो.

चुंबक फिरवून झालं की अ‍ॅम्पचा गेनही (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) निम्म्यावर आणा. आवाज जास्त फाटला तर ही सगळी खटपट ऐकूच येणार नाही.