साहेब गेला, सहा आले

(वाचकांच्या पत्रांना अक्काची उत्तरं)

प्रश्न : अक्का, मी 31 वर्षांचा. हिंजवडीत आठ वर्षं नोकरी झाली. रविवारी संध्याकाळी सोलापूर स्टेशनवर पुण्याची गाडी पकडताना पोटात गोळा येतो. साहेबाची कटकट आता बास. गावात येऊन शाळेचे युनिफॉर्म शिवायचं युनिट टाकतो म्हणतोय. सहा लाख साठवलेत, त्यात बारा मशीन बसतात. स्वतःचा मालक झालं की सुटलो. वडील म्हणतात, आपण मिलमधली माणसं, धंदा आपल्या रक्तात नाही. (जुळे सोलापूर)

लेकरा, 'स्वतःचा मालक' हे मी तीनदा वाचलं. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या कारखान्यातलं ओव्हरलॉक मशीन सोडताना मीही हेच म्हणाले होते. तेव्हा मला साहेब एकच होता. आता मोज : भिलवाड्याचा कापडवाला, कटिंग मास्तर, वीजबिल, बँकेचा हप्ता, शाळेचे मुख्याध्यापक आणि काजाचं मशीन. झाले सहा. मास्तरला तर मी अजून 'अहो' म्हणते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, त्या दिवशी आमच्या पूर्व भागात कात्री कोण हातात धरतंय? जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा जत्रा. मास्तर आला नाही की चौदा मशीन नुसत्या बसून. ओरडायची सोय नाही, पलीकडच्या गल्लीतला त्याला रोजाचे पन्नास जास्त देऊन घेऊन जाईल.

पण हे सगळं सोसता येतं. लोक फसतात ते विक्रीच्या आकड्याला. मागच्या साली मी दहा हजार शर्ट दिले, 240 रुपयांना एक. भाचा सगळीकडं सांगत सुटला, अक्कानं 24 लाख कमावले! त्याला बसवून हिशेब दाखवला. कापड सव्वा मीटरच्या आत, 108 रुपये. शिलाई 45. कटिंग, काज, बटण, कॉलरचं कॅनव्हास, पिशवी मिळून 22. भाडं, लाइट, टेम्पो 20. झाले 195. उरलेल्या 45 मधून साईज चुकून परत आलेला माल, डाग पडलेले पीस आणि व्याज वजा कर, वीस रुपये हातात राहिले तर साल बरं गेलं म्हणायचं. म्हणजे दोन लाख. वर्षाचे. तुझा पगार मला माहीत नाही, पण तू भागाकार कर.

आणि ते दोन लाखसुद्धा कधी दिसतात ते ऐक. कापड फेब्रुवारीत घ्यायचं, कापडवाल्याची मुदत एक महिना. शिलाईच्या बायकांचा पगार आठवड्याचा, त्यांना 'शाळेकडून आले की देते' म्हणता येत नाही, म्हणूही नये. जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा. पैसे? गणपतीत थोडे, दिवाळीत थोडे. या मधल्या सात-आठ महिन्यांत युनिटं बंद पडतात. ऑर्डर नाही म्हणून पडलेलं मी कमीच पाहिलं, ऑर्डर भरपूर आणि गल्ल्यात काही नाही म्हणून पडलेली बरीच.

एका शाळेनं माझे तीन लाख अकरा महिने थकवले होते. कायदा आहे, 2006 सालचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेतला तर लेखी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. काही ठरलंच नसेल तर 15 दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँक जो 'बँक दर' जाहीर करते त्याच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण माझी नोंदणीच नव्हती, कुठल्या तोंडानं मागू? तू पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी कर. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, कोणी हजार-दोन हजार मागितले तर उठून ये. आणि हेही सांगते, पुढं दुसऱ्या एका गिऱ्हाईकाला मी कायद्याचं पत्र धाडलं, पैसे आठवड्यात आले, पुढच्या सालची ऑर्डर मात्र गेली. तेव्हा पत्र कधी धाडायचं हे तुझं तू ठरव.

रक्ताचं म्हणशील तर उद्योगपती वालचंद हिराचंद 1882 साली आपल्याच सोलापुरात जन्मले. व्यापारी घर होतं, मान्य. पण घरचा व्यापार सोडून ते रेल्वेची कंत्राटं घ्यायला निघाले, तेव्हा भागीदार कोण होता? लक्ष्मणराव फाटक, रेल्वेतले माजी कारकून. वडिलांना सांग, कारकुनाला जमलं.

सहाच्या सहा लाख मशीनमध्ये घालू नकोस. जुन्या चार मशीन घे, एक सीझन दुसऱ्याचं कापलेलं कापड शिवून दे, जॉबवर्क. साडेतीन लाख बँकेत तसेच राहू देत, ते तुझे जून ते दिवाळी. नोकरी इतक्यात सोडू नकोस; भाऊ किंवा बायको इथं बघणारी असेल तर तू शनिवार-रविवार येऊन हिशेब बघ.

प्रश्न : अक्का, मला टॉवेलचं युनिट काढायचंय. शेजारच्या वहिनी म्हणतात, सरकारी योजनेत कर्ज काढलं की पाव हिस्सा माफ. मग कर्ज मोठंच काढावं ना? (भवानी पेठ)

ताई, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरातल्या महिलांना प्रकल्पाच्या 25 टक्के अनुदान मिळतं, खेड्यात 35. स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात आणि युनिट नवीनच हवं. एवढं वहिनींचं खरं. पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बँक तीन वर्षं ते बाजूला ठेव म्हणून ठेवते, युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळते करते. दोन वर्षांत शटर ओढलं तर सगळं कर्ज तुमच्या डोक्यावर. कर्ज यंत्रमागांच्या संख्येवरून काढा, माफीवरून नको.

प्रश्न : माझ्याकडं एक जबरदस्त कल्पना आहे. चोरीला जाईल म्हणून कोणाला सांगितलेली नाही, तुम्हालाही सांगत नाही. पुढं काय करू? (सातवीपासून डोक्यात आहे, आता इंजिनिअरिंगला)

बाळा, आमच्या गल्लीत अकरा घरं तोच पांढरा शर्ट शिवतात. तेच कापड, तीच कॉलर. कोणाचीच कल्पना चोरीला गेलेली नाही, कारण कोणाकडंच नव्हती. तरी त्यातल्या दोघांनी बंगले बांधले आणि एकानं मशीन विकल्या. फरक काय, तर ते दोघे 10 जूनचा माल 10 जूनलाच देतात. तुझी कल्पना मी न ऐकता काय सांगणार? परत लिही. आणि त्यात एवढं घाल : एक नग बनवायला किती रुपये लागतात, आणि तो आजपर्यंत कोणी विकत घेतलाय का.