काका, सेकंडहँड कॉम्बिनेशन रंधा घेऊ की नको?

प्रश्न : काका नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकलो, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, देवघरं, ड्रॉवरची कपाटं, काचेची शटरं असली कामं करतो. ट्रिमर मशीन आहे पण त्याचा आवाज आणि धूळ नको वाटते, शिवाय आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही. म्हणून हातानं खाच आणि रिबेट (कडेची पायरीसारखी खाच) मारायला कॉम्बिनेशन रंधा गेले दोन महिने बघूलालोय. पुण्याच्या एकानं स्टॅनले ४५ चे फोटो पाठवलेत, ९ हजार म्हणतोय, ११ पाती आहेत, एक पेच बदललेला दिसतोय. बेळगावातच दुसऱ्या एकाकडं रेकॉर्ड ०५० आहे, साडेचार हजार म्हणतोय पण पाती फक्त ४. कुठला घेऊ आणि बघताना काय बघू, जरा सविस्तर सांगा की.

उत्तर : आधी पाती मोजायचं सोड. सगळे तिथंच फसतात, पात्यांची लाकडी पेटी उघडली की डोळे दिपतात आणि रंध्याची बॉडी बघायची राहून जाते. पातं करून घेता येतं रे, चांगल्या टूल स्टीलच्या पट्टीचं घासून, धार देऊन, पाणी चढवून. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बॉडी मात्र कुणी करून देत नाही.

या रंध्याचं काम कसं चालतं ते एकदा डोक्यात बसलं की बघायचं काय ते आपोआप कळतं. याला नेहमीच्या रंध्यासारखा रुंद तळ नसतो. दोन पातळ बीडाच्या पट्ट्या असतात, एक मुख्य बॉडीची, दुसरी सरकणाऱ्या भागाची, इंग्रजीत या पट्ट्यांना स्केट म्हणतात, आणि या दोन पट्ट्यांच्या आधारावर पातं उभं असतं. सरकणारा भाग आणि फेन्स, म्हणजे फळीच्या कडेला टेकून रंधा सरळ चालवणारी आडपट्टी, दोन्ही बॉडीतल्या त्याच दोन सळयांवर मागंपुढं होतात, त्यामुळं एकाच रंध्यात अरुंद खाच, रुंद खाच, रिबेट, बीडिंग (कडेची गोलसर नक्षी), टंग-ग्रूव्ह (एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवायचा जोड) सगळं निघतं. अमेरिकेतल्या स्टॅनले कंपनीनं ४५ नंबर १८८० च्या दशकात काढला, जाहिरातीत त्याला सात रंध्यांचं काम करणारा एक रंधा म्हणायचे. नंतर १८९७ मध्ये त्याच्याहून मोठा ५५ आला. रेकॉर्ड ही इंग्लंडमधल्या शेफील्डची कंपनी, तिचा ४०५ म्हणजे ४५ चाच भाऊ, आणि ०५० त्याहून लहान आणि हलका. राउटर मशीन आल्यावर हे सगळे मागं पडले, म्हणून आज ते जुन्या पेट्यांतून, भंगारातून आपल्यापर्यंत येतात.

आता पहिली गोष्ट, सरकणारा भाग आहे का बघ. मी स्वतः यात पैसे घालवलेत. गोव्याकडच्या एका जुन्या सामानवाल्याकडून मी ४५ आणला, बॉडी चकचकीत, पाती झकास, आणि घरी येऊन पेटी उलटी केली तर सरकणारा भागच नाही. पाव इंचाच्या आतलं पातं नुसत्या बॉडीवर चालतं, त्याच्या वरचं पातं एका बाजूनं अधांतरी राहतं आणि थरथरतं. पुढं दुसरीकडून तो भाग मिळवला तर सळयांमधलं अंतर जुळेना. वेगवेगळ्या काळातल्या ४५ चे भाग एकमेकांत बसतीलच असं नाही, म्हणून "भाग नंतर मिळेल" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नको.

दुसरी, सळया. बाहेर काढून काचेवर फिरव, वाकडी असली तर लगेच डुगडुगते. सळई वाकडी म्हणजे फेन्स तिरका आणि फेन्स तिरका म्हणजे खाच एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाला बाहेर. पण सळईपायी सौदा मोडू नको, ती नुसती साधी गोल सळई आहे, उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याला जुनी नमुन्याला दिली की त्याच जाडीची करून देतो. हा आपल्या बेळगावचा फार मोठा फायदा आहे, फौंड्री आणि लेथ दाराशी असल्यावर आपण काय काय वाचवू शकतो ते बाहेरच्या सुताराला कळणारही नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पेच, आणि तुझ्या पुण्यावाल्याच्या फोटोत तोच बदललेला दिसतोय म्हणून नीट ऐक. स्टॅनलेचे आटे आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या मिलिमीटर बोल्टाला जुळत नाहीत, इंचातले आहेत आणि तेही नेहमीच्या मापाचे नाहीत. कुणीतरी भलताच बोल्ट जोर लावून फिरवला असेल तर बॉडीतले आटेच गेले असणार. त्याला सांग, तो पेच काढून भोकाचा जवळून फोटो पाठव. आटे शाबूत असतील तर पेच लेथवर करून मिळेल, खाल्ले असतील तर किंमत बरीच खाली आण नाहीतर सोडून दे.

मग तडे. निकेलच्या चकाकीखाली बीडाचा तडा लपतो, विशेषतः सळयांच्या भोकांभोवती आणि पट्टी बॉडीला मिळते तिथं. बॉडी दोन बोटांवर टांगून पेचकसच्या मुठीनं हलकं वाजव, धड असेल तर घंटेसारखा नाद येतो, तडा असेल तर बद्द वाजतं. बीडाला साधं वेल्डिंग टिकत नाही, ब्रेझिंग होतं, पण पट्टी वाकडी झाली की सगळं संपलं. आणि शेवटी दोन्ही पट्ट्या जोडून खाली स्टीलची पट्टी लाव, उजेडाकडं धर, मधून उजेड दिसायला नको.

बाकीचं हरवलेलं असलं तर चालतं. खाच किती खोल जावी ते अडवणारा स्टॉप एक असला तरी पुरे, दोन असतात त्यातला सरकणाऱ्या भागावरचा बहुतेकांकडं नसतोच. सळईवर बसणारा तो छोटा आधार असतो, कॅम म्हणतात, तो नसला तरी काम अडत नाही. चिरायचं पातं तुला लागणार नाही. फेन्सला लावलेली रोजवूडची पट्टी झिजली असेल तर आपल्याकडच्या शिसमची नवी लाव. लाकडाच्या दाण्याला, म्हणजे रेषांना, आडवी खाच मारायला बॉडीवर जी टोकदार छोटी पाती असतात ती मात्र दोन्ही बाजूंची हवीत, ती आधी रेघ कापतात म्हणून कडा फाटत नाही.

आता कुठला घ्यायचा. तुझ्या कामाला, ड्रॉवरचा तळ, काचेची रिबेट, देवघराच्या पॅनलची खाच, मी बेळगावचा ०५० घेईन. हातात हलका बसतो, आणि मुख्य म्हणजे तू तो स्वतः हातात घेऊन, एका फळीवर ओढून बघू शकतोस, हे ११ पात्यांपेक्षा मोठं. ४ पात्यांत पाव इंची आणि अर्धा इंची असेल तर तुझं बहुतेक काम भागतं. बीडिंग वगैरे हौसेनं हवं असेल तर पुढं ४५ शोध. पण ४५ आणि ४०५ ची पाती बहुतेक एकमेकांत चालतात तशी ०५० मध्ये चालतील असं धरू नको, घ्यायच्या आधी लावून बघ.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. जुनी पाती इंचातली आणि आपलं प्लाय मिलिमीटरमधलं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, त्यात ६ मिमीचा प्लाय खडखडतो. त्यासाठी पाव इंची पातं दोन्ही अंगांनी सारखं घासून ६ वर आण, गरम होऊ देऊ नको, सारखं पाण्यात बुडव. मात्र पातं पट्टीच्या बाजूंपेक्षा केसभर तरी रुंद राहिलं पाहिजे, नाहीतर रंधा स्वतःच्याच खाचेत अडकतो.

प्रश्न : नमस्कार काका, मी निपाणीहून लिहितेय. आमचे मामंजी जुने सुतार होते, ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर तशीच होती. त्यात बऱ्याच लोखंडी भागांचा एक रंधा आहे, सोबत पात्यांच्या दोन छोट्या लाकडी पेट्या. भंगारवाला किलोवर मागतोय. गंज आहे, पॉलिश पेपर मारून ठेवू का?

उत्तर : वहिनी, किलोवर अजिबात देऊ नका आणि पॉलिश पेपरही मारू नका. त्यावर निकेलचा मुलामा असतो, तो एकदा घासला की गेला आणि घेणारा पहिल्यांदा तेच बघतो. मऊ फडक्यानं रॉकेल नाहीतर मशीनचं तेल लावा, दोन दिवस राहू द्या, पुसा, बास. अडकलेला पेच पक्कडीनं पिळू नका, तेल मुरलं की हातानं फिरतो.

मग पूर्ण पेटी उपसून बघा, तळाशी सुटे पेच, छोटी वाकडी पट्टी, पितळेचं काहीतरी सापडेल, तेही त्याचंच असतं, फेकू नका. गोलाकार तळाच्या जादा पट्ट्या सापडल्या, त्यावर ६, ८, १०, १२ असे नंबर असले, तर त्या वेगळ्या विकल्या जायच्या, त्यांची किंमत वेगळी लावा. बॉडीवरचं नाव आणि नंबर, पात्यांच्या पेट्या, सगळे भाग एका चादरीवर मांडून उजेडात फोटो काढा. आणि पाती वेगळी, बॉडी वेगळी असं विकू नका, कितीही गोड बोलून मागितलं तरी, कारण पाती काढलेली बॉडी मग कुणी घेत नाही.

घरात कुणाला लाकडाची आवड असेल तर मात्र आधी त्यांना विचारा. मामंजींच्या हातानं गुळगुळीत झालेली मूठ असेल ती, पैसे संपतात हो.

प्रश्न : काका, चिक्कोडीहून. जुना ४५ आणला, धार लावली, पण सागवानात खाच मारली की कडा नुसत्या उपटून येतात. रंधा खराब आहे का?

उत्तर : रंधा चांगलाच असेल, लाकूड बघ. याला पात्याच्या पुढं दाबून धरणारा तळ नसतो, त्यामुळं दाणा उलटा आला की तो सोलतच जातो, चांगल्यातला चांगला रंधा असला तरी. सरळ दाण्याची फळी निवड, खाच दाण्याच्या दिशेनंच मार, आणि फणस, मत्ती असल्या गुंतलेल्या दाण्याच्या लाकडाला हा रंधा लावूच नको.

मारायची पद्धतही बदल. जवळच्या टोकापासून एका दमात ढकलत असशील, तसं नाही. लांबच्या टोकाला चार-सहा इंचाचे छोटे हात मार, हळूहळू मागं मागं ये, म्हणजे प्रत्येक वेळी रंधा आधीच्या खाचेत उतरतो, आणि पूर्ण लांबी सगळ्यात शेवटी. डाव्या हाताचं काम फक्त फेन्स फळीला चिकटवून ठेवायचं, ढकलायचं उजव्यानं. छिलका कागदासारखा पातळ घे. पात्याला ३५ अंशाची धार ठेव, आणि सागवानात सिलिका असते म्हणून धार लवकर जाते, दर आठ-दहा खाचांनी निसण्यावर दोन हात मारायला कंटाळू नको. बीडिंगच्या पात्याला सपाट दगड चालत नाही, गोल काठीवर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून तिनं आतून घास, आणि मागची सपाट बाजू तेवढी दगडावर.