एक कोयता, दोन माणसे

प्रश्न : ऊसतोड कामगार स्त्रियांवरील संशोधनात जात, गरिबी आणि लिंगभेद एकत्रच का मांडले जातात? मजुरी तर नवरा-बायकोला सारखीच मिळते ना?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ‘सारखीच’ या शब्दापाशीच थोडे थांबू. ऊसतोडीत मजूर नव्हे, ‘कोयता’ मोजला जातो आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. मजूर पुरवणारा मुकादम हंगामापूर्वी जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीच्या कामापोटी असली, तरी सहसा पुरुषाच्या हाती पडते. त्यामुळे दिवसभर मोळ्या बांधून त्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईची स्वतंत्र मजुरी कुठल्याच वहीत उमटत नाही. खाडा झाला की दंड जोडीला, म्हणून पाळी किंवा आजारपण हेदेखील पैशांतले नुकसान ठरते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या आकड्याला केवळ आरोग्याचा प्रश्न मानणे मला अपुरे वाटते.

जातीचा धागा इथेच येतो. फडावर जाणाऱ्यांत वंजारी, बंजारा आणि दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, कारण कोरडवाहू तुकडा किंवा भूमिहीनता त्यांच्याच वाट्याला अधिक आली. एकाच बाईच्या आयुष्यात हे तिन्ही अडसर एकमेकांना बळ देतात, आणि ते सुटे करून मोजले की तीच हिशेबातून निसटते.