‘सही करू का?’ हे पत्त्यांना विचारू नकोस

मावशी,
माझं वय 41. बाबा गेल्या वर्षी गेले. साताऱ्याचं घर आपल्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून भाऊ माझ्याकडे हक्कसोड पत्रावर सही मागतोय. आई त्याच्याजवळ राहते, तीही म्हणते, ‘देऊन टाक.’ माझं मन धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. तीन आठवडे रोज सकाळी टॅरोच्या चित्रपत्त्यांना विचारते, ‘सही करू का?’ तीन कार्डं काढते, पटलं नाही तर आणखी, कधी कधी नऊपर्यंत. फाइव्ह ऑफ कप्स, म्हणजे पाच पेल्यांचं कार्ड, तीनदा आलं. ऑनलाइन पत्ते वाचून देणाऱ्या एका रीडर बाईंच्या मते हा इशारा आहे, भावाची ऊर्जा शुद्ध करायला 2100 रुपये लागतील. शिवाय 44 कार्डांचा एक ओरॅकल, म्हणजे सल्ला देणाऱ्या कार्डांचा, संच आहे, तो रोज ‘सोडून दे’, ‘विश्वास ठेव’ असंच काहीतरी सांगतो. मला भविष्य नको, माझं मन मला कळायला हवंय. सासूबाईंना हे पत्ते घरातच नकोत, ते वेगळंच. चुकतंय कुठे?
– दोन मनांची, कराड

आधी त्या फाइव्ह ऑफ कप्सचा हिशेब करू, म्हणजे 2100 रुपयांचाही निकाल लागेल. संच 78 कार्डांचा. तू कधी तीन काढतेस, कधी नऊ, सरासरी सहा धरू. 21 दिवसांत झाली सव्वाशे. म्हणजे प्रत्येक कार्ड सरासरी दीडेक वेळा येणार, आणि पंधरा-सोळा कार्डं तरी तीन किंवा जास्त वेळा आलेली असणार. बाकीची तुझ्या लक्षात राहिली नाहीत, एवढंच. त्यात पत्ते नीट पिसले जात नसतील तर वापरलेली कार्डं एकमेकांना धरूनच राहतात. नवे पत्ते गुळगुळीत असतात, दोन-दोन चिकटून सरकतात. हातातल्या हातात चार वेळा वर-खाली केल्याने ते सुटत नाहीत. चादरीवर सगळे उपडे पसर, दोन्ही हातांनी मिनिटभर कालव आणि मग गोळा कर. यात काही कार्डं उलटी, म्हणजे चित्राचं डोकं खाली, होतील, ती सरळ करून वाच. उलट्या कार्डांचे वेगळे अर्थ सध्या अजिबात नकोत. 78 चित्रं ओळखीची होण्याआधी 156 अर्थ पाठ करायला गेलं की माणूस चित्र सोडून संचाबरोबरच्या अर्थांच्या पुस्तिकेत डोकं घालतो. रीडर बाईंना पैसे देऊ नकोस. जो माणूस समोर नाही, ज्याने काही मागितलं नाही, त्याची ‘शुद्धी’ विकणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवावं.

खरा प्रश्न पुढे आहे. इतक्या कार्डांतून तुला हेच का आठवतं?

ते कार्ड समोर ठेव. तुझा संच 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट संचासारखा असावा, बाजारात बहुतेक तोच किंवा त्यावरून काढलेले संच असतात. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. त्याआधीच्या बहुतेक संचांत एक्का ते दश्शी नुसते पेले, तलवारी, नाणी मोजून काढलेली असत. तिने त्या प्रत्येक कार्डात प्रसंग घातला, म्हणून हा संच मन चाचपायला बरा पडतो. नुसत्या पाच पेल्यांकडे बघून कुणाला काय आठवणार?

आता वही उघड. पहिली पाच मिनिटं अर्थ लिहायचा नाही, फक्त दिसतं ते. काळा झगा पांघरलेलं माणूस, मान खाली. पुढे तीन पेले सांडलेले. मागे दोन उभे, त्यांच्याकडे पाठ. पलीकडे नदी, तिच्यावर पूल, पुलापलीकडे एक वास्तू. निदान दहा गोष्टी लिही. सहा-सातनंतर डोकं रिकामं होतं, तिथे उठू नकोस, कारण आपण टाळत असतो ते बहुधा आठव्या-नवव्या ओळीत येतं. मग एक वाक्य: ‘या चित्रात मी कुठे आहे?’ झग्यात असशीलच असं नाही. नदीपलीकडच्या वास्तूत असशील, सांडलेला पेला असशील. त्यानंतर गेल्या पंधरवड्यातला एक प्रसंग लिही, तारीख आणि बोललेल्या शब्दांसकट. ‘भाऊ असा वागतो’ हे चालणार नाही. ‘रविवारी फोनवर दादा म्हणाला, तुला काय कमी आहे’ हे चालेल. पुस्तिका सगळ्यांत शेवटी उघडायची आणि तिचं पटत नसेल तिथे खूण करायची. आधी उघडलीस तर ‘शोक, पश्चात्ताप’ हे दोन शब्द वाचून तू वही मिटशील. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात, आणि कार्ड एकच पुरतं.

‘सही करू का?’ हा प्रश्न मात्र बाद. त्याचं उत्तर कार्डाकडून आलं की निर्णय तुझा राहत नाही, आणि मला वाटतं तुला नेमकं तेच हवंय. उद्या आई दुखावली किंवा तुझं नुकसान झालं, तरी बोट दाखवायला कार्ड असेल. म्हणून तर नापसंत उत्तरावर दुसरं कार्ड येतं, मग तिसरं. ही घासाघीस आहे. त्याऐवजी तीन जागा आधी कागदावर लिही: सही केली तर कशातून सुटेन, सही केली तर काय सलत राहील, कुणाशी कुठलं बोलणं राहून गेलंय. प्रत्येक जागेवर एकच कार्ड, जादा एकही नाही. तेच पुन्हा विचारायचं ते दोन आठवड्यांनी, किंवा मधे खरंच काही बदललं तर. ‘दादाच्या मनात काय आहे?’ हेही नको, ते दादालाच विचारायचं.

याहून चांगला एक प्रकार आहे, तुझ्यासाठी तर हाच आधी. सगळी 78 कार्डं सुलटी मांड. बाबांच्या घरासारखं वाटणारं एक उचल, आणि जे बघवत नाही असं एक. दोन्हींवर वर सांगितलं तसं लिही. इथे निवडणारी तूच, त्यामुळे ‘आलं’ म्हणायची सोयच नाही, आणि इशाऱ्याची भीतीही नाही.

ओरॅकलचं थोडक्यात. त्याला टॅरोसारखी ठरलेली रचना नसते, कार्डं किती आणि कुठली हे बनवणारा ठरवतो, आणि बऱ्याच संचांत गोड वाक्य छापलेलं असतं. ‘सोडून दे’ वाचल्यावर विचार करायला उरतं काय? घर सोडायचं की हट्ट, तेही कळत नाही. वाक्यावर कागदाची पट्टी लावून नुसतं चित्र बघ, नाहीतर महिनाभर तो संच कपाटात टाक.

आता दुसरं कार्ड बघ, प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे घराच्या मालकीची सरकारी नोंद. घर कुणाच्या नावावर आहे? बाबांनी स्वतः घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तू, तिघांचा सारखा हिस्सा. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं की मागे फिरणं फार कठीण. म्हणून मसुदा आधी मागून घे आणि तुझ्या स्वतःच्या वकिलाला दाखव, भावाच्या नको. आईच्या राहण्याबद्दल त्यात काय लिहिलंय तेही बघ. हे झाल्याशिवाय वहीतली उत्तरंही अर्धवटच राहतील, कारण आपण काय सोडतोय हेच तुला अजून नीट माहीत नाही.

आणि कार्ड उलटायच्या आधी छातीत धडधड होत असेल, झोप उडाली असेल, तर पत्ते सरळ बंद. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

सासूबाईंना सांग, हे पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेले खेळायचे पत्ते, सावंतवाडीच्या गंजिफांसारखे, म्हणजे तिथल्या हातांनी रंगवलेल्या पत्त्यांसारखे. भविष्य सांगायला ते सर्रास वापरायला लागले फ्रान्समध्ये, अठराव्या शतकात. तरी नको म्हणाल्या तर वाद घालू नकोस, वहीबरोबर तुझ्या कपाटात ठेव. घरात एका वेळी एकच भांडण पुरे, आणि सध्या ते साताऱ्याचं आहे.