त्रास नाही, तरी गोळी कशाला?

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. त्रास काहीच नाही, रोज सारसबागेत फेऱ्या मारतात. रक्त पातळ करायची गोळी खरंच हवी का?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : हवी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. तिथे रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट वाढतो, मग त्रास जाणवो वा न जाणवो. पक्षाघाताचा धोका मोजायला गुण देतात : वयाचा एक, बीपीचा एक; पुरुषांत दोन गुण झाले की गोळी देतात. ॲस्पिरिनवर भागत नाही.

रक्त पातळ करायला वॉरफरिन ही गोळी दिली असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे सांगणारा तपासणीतला आकडा) साधारण २ ते ३ हवा. मेथी-पालक बंद करू नका, फक्त प्रमाण सारखं ठेवा. श्रावणात रोज आणि पुढे महिनाभर नाही, असं केलं की आकडा हलतो. गुडघ्यासाठी परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मात्र नकोच, रक्तस्राव होऊ शकतो.

नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. ठोके अनियमित असल्याने पंधरा सेकंद गुणिले चार हा हिशेब इथे चुकतो. बसल्या जागी ती सतत ११०च्या वर राहिली तर खालचे कप्पे थकून पंप कमजोर होतो : पायांना सूज, जिन्यात धाप. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर थेट १०८.