चित्राआधीचे कागद

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चित्रे सावकाश पाहिली. रंगांवर तुझा हात चांगला बसला आहे. मात्र प्रत्येक चित्र कोणा ना कोणाच्या छायाचित्रावरून उतरवलेले आहे हे लगेच कळते, कारण छायाचित्रात बिबट्याचा जो पाय गवताआड गेला आहे तो तुझ्या चित्रातही तसाच हरवला आहे आणि तो जमिनीवर कसा टेकला असेल याचा विचार तुझ्या रेषेने केलेला दिसत नाही. ब्रिटिश वन्यजीव-चित्रकारांची पूर्ण झालेली चित्रे तुला आवडतात, असे तू लिहिलेस. काही काळ ती बाजूला ठेव आणि त्या चित्रांपूर्वी त्यांनी कोणते कागद भरले होते ते पाहा.

जॉर्ज स्टब्ज (१७२४–१८०६) हा लिव्हरपूलमधल्या चामड्याच्या व्यावसायिकाचा मुलगा. १७५६ च्या सुमारास तो लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी जाऊन राहिला आणि तिथे सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे छताला टांगून, कातडीपासून हाडापर्यंत एकेक थर उलगडत त्यांची रेखाटने करत राहिला. त्या कामाचे पुस्तक १७६६ मध्ये निघाले आणि त्यातले ठसे त्याने स्वतःच कोरले. ‘व्हिसलजॅकेट’ हे त्याचे जवळजवळ तीन मीटर उंचीचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. घोड्यामागे ना आभाळ, ना झाड, ना जमीन. तरीही तो घोडा अधांतरी वाटत नाही, याचे कारण हॉर्कस्टोच्या त्या कागदांत सापडेल. पण जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या कातड्यावरून याच स्टब्जने १७७२ मध्ये कांगारू रंगवले, ते मात्र फुगलेल्या उंदरासारखे दिसते. घोड्याचा प्रत्येक स्नायू जाणणाऱ्या माणसाचीही, जिवंत प्राणी डोळ्यांसमोर नसल्यामुळे, अशी अडचण झाली.

एडवर्ड लिअरने १८३० मध्ये पोपटांच्या चित्रमालेचे काम सुरू केले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे बहुधा तुझ्याहूनही लहान. पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढण्याची तेव्हाची सर्रास रीत सोडून तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपटांसमोर बसला. बेचाळीस चित्रे छापून झाल्यावर पैशांअभावी ती माला थांबली. तरीही त्या पोपटांच्या नजरेत जो तऱ्हेवाईकपणा आहे, तो पेंढ्याच्या पक्ष्यात येणे शक्य नव्हते.

मात्र तू सर्वांत जास्त वेळ चार्ल्स टनिक्लिफ (१९०१–१९७९) यांच्यासाठी द्यावास, असे मला वाटते. चेशरमधल्या शेतावर वाढलेला हा माणूस शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला आणि १९४७ पासून अखेरपर्यंत वेल्समधल्या अँगल्सी बेटावर, मालड्राएथच्या खाडीकाठी राहिला. ओळखीचे लोक त्यांना मेलेले पक्षी आणून देत आणि ते प्रत्येक पक्षी प्रत्यक्ष आकारात, मापे घेऊन, पंख पसरून, वरून आणि खालून असा कागदावर उतरवत. ही रेखाटने विक्रीसाठी नव्हती. पुढच्या चित्रांना लागणारी ती त्यांची घरची शिदोरी होती. १९७४ मध्ये रॉयल अकॅडमीने त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा लोकांना हा साठा प्रथमच नीट पाहायला मिळाला. त्यांच्या निधनानंतर तो लिलावात विखुरला जाणार होता, पण १९८१ मध्ये अँगल्सीच्या स्थानिक परिषदेने तो एकगठ्ठा विकत घेतला. आज तो लांगेव्हनीच्या ओरिएल मॉन या संग्रहालयाकडे आहे. माझ्या मते त्यांच्या मोठ्या, सजवलेल्या जलरंगांपेक्षा हे कागद अधिक सुंदर आहेत, कारण त्यांत कोणालाही खूश करण्याचा हेतू नाही.

त्यांचे अनुकरण करताना एक सावधगिरी बाळग. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यामुळे रस्त्यात मेलेला पक्षी उचलून घरी आणण्याचा विचारही करू नकोस. बाजारातल्या कोंबडीचा पंख घे, तो पसरून मोज, पिसांच्या ओळी एकमेकींवर कशा चढतात ते काढ. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे जतन केलेले नमुने पाहण्याची परवानगी रीतसर अर्ज करून मागता येईल.

मोजमापाने हात ताठरतो, हेही खरे. त्यावर उतारा म्हणून एरिक एनियन यांची रेखाटने पाहा. केंब्रिजशायरमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या या गृहस्थांनी व्यवसाय सोडला आणि १९४६ मध्ये फ्लॅटफर्ड मिल येथील निसर्ग-अभ्यास केंद्राची जबाबदारी घेतली. त्यांच्या कागदावर पक्षी चार-पाच रेषांत उभा राहतो. पिसे मोजायला जावे तर एकही सापडत नाही, आणि तरीही पक्षी कोणता याबद्दल शंका राहत नाही. पक्षी-चित्रकार पीटर स्कॉट यांनी तर १९६४ पासून इंग्लंडमधल्या स्लिमब्रिज येथे हिवाळ्यात येणाऱ्या ब्युइक हंसांच्या चोचींवरील काळ्या-पिवळ्या खुणा वहीत उतरवून प्रत्येक हंस वेगळा ओळखता येतो हे दाखवले, आणि त्यातून दीर्घकाळ चाललेला शास्त्रीय अभ्यास उभा राहिला.

या कामावर पोट भरते का, असे तू विचारले आहेस. लंडनच्या स्लेड कलाशाळेने प्रवेश नाकारलेले डेव्हिड शेफर्ड हत्तींच्या चित्रांवर उत्तम जगले. आपल्या देशातील व्याघ्र संरक्षणासाठीही त्यांनी १९७३ मध्ये एका वाघाच्या चित्रातून पैसा उभा केला. त्यांचे हत्ती मला जरा जास्तच भव्य वाटतात, पण ते माझे मत झाले. १९६४ मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ वाइल्डलाइफ आर्टिस्ट्स लंडनच्या मॉल गॅलरीज येथे दरवर्षी प्रदर्शन भरवते आणि सभासद नसलेल्यांचीही चित्रे विचारात घेते. तिथे चित्र पाठवण्याची घाई मात्र इतक्यात नको. आधी घराजवळचा एकच पक्षी निवड, साळुंकी असली तरी चालेल, आणि पावसाळा संपेपर्यंत तिचीच रेखाटने कर. पुढच्या वेळी रंगवलेले काही पाठवू नकोस. अर्धवट राहिलेली आणि खोडलेली पानेही न वगळता सगळी वही पाठव.

तुझा हितचिंतक