सळई खाली की वर? स्लॅबविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत स्लॅबचेच प्रश्न जास्त आलेत. तीन घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण तो थेट माणसांच्या जिवाशी आहे.

प्रश्न: आमच्या घराचं काम चालू आहे. इंजिनियरच्या ड्रॉइंगमध्ये हॉलच्या स्लॅबला मेन सळई खालच्या अंगाला आणि बाल्कनीला वरच्या अंगाला दाखवलीय. मिस्त्री म्हणतात, लोखंड तेवढंच लागणार, वर टाका नाहीतर खाली टाका, काय फरक पडतो? – एक वाचक, सातारा

उत्तर: दादा, फरक पडतो, आणि इतका पडतो की बाल्कनी टिकणार की पडणार हे त्यावरच ठरतं. घरात भांडी घासायचा जाड स्पंज असेल तर घ्या, त्याच्या कडेवर पेनाने एकमेकींच्या जवळ उभ्या रेघा मारा, दोन पुस्तकांवर टेकवून मधोमध बोटाने दाबा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला फाकतात, म्हणजे वर दाब आणि खाली ताण. आता तोच स्पंज टेबलाच्या कडेला अर्धा बाहेर ठेवा, आतल्या भागावर एखादं जाड पुस्तक ठेवा आणि बाहेरचं टोक दाबा. आता रेघा वरून फाकतात, टेबलाच्या कडेजवळ सगळ्यात जास्त. हॉलचा स्लॅब पहिल्या प्रकारचा, बाल्कनी नि छज्जा दुसऱ्या प्रकारचे.

काँक्रीट दाब घ्यायला पक्कं आहे पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणून जिथे रेघा फाकतात तिथे सळई. (हॉलच्या स्लॅबलाही बीमवरून पुढे जाताना वरून ताण येतो, त्यामुळे तिथे तुम्हाला वरच्या अंगाला लोखंड दिसेल, ती ड्रॉइंगमधली चूक नव्हे.) आणि लोखंड नि काँक्रीट ही जोडी जमते त्याचं एक मोठं कारण म्हणजे उन्हात दोघं जवळजवळ सारखीच प्रसरण पावतात, नाहीतर दर उन्हाळ्यात सळई आतल्या आत सुटत गेली असती.

आता खरा धोका सांगतो. ड्रॉइंग बरोबर असतं, फिटर सळई बांधतोही बरोबर, पण स्लॅब टाकायच्या दिवशी पाट्या घेऊन माणसं त्याच जाळीवरून ये-जा करतात आणि वरची सळई पायाखाली दबत जाते. 5 इंची बाल्कनीत खालच्या तळापासून वरच्या सळईपर्यंत साधारण 100 मिलिमीटर मिळतात, ती इंचभर दबली की 75 उरले, म्हणजे ताकद पाव हिश्शाने गेली. पूर्ण तळाला गेली तर लोखंड असून नसल्यासारखंच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका साइटवर छज्ज्याचे टेकू काढल्यावर भिंतीलगत वरून एक सरळ रेघ उमटली, केसाएवढी, मिस्त्री म्हणाला प्लास्टरमध्ये बुजेल. आम्ही तिथे फोडून बघितलं तर सगळ्या सळया तळाला बसलेल्या. तो छज्जा पाडून नवा केला. त्या भिंतीखाली मुलं खेळायची हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

तेव्हा बाल्कनीच्या जाळीखाली सळईच्या खुर्च्या, म्हणजे जाळी वर उचलून धरणारे वाकवलेले तुकडे, भरपूर बसवून घ्या, अर्ध्या-पाऊण मीटरला एक तरी हवी, आणि चालायला वेगळ्या फळ्या टाका. बाल्कनी 4 फूट बाहेर असेल तर वरची सळई आत निदान तेवढी, शक्यतो दीडपट गेलेली पाहिजे. काँक्रीट ओतताना स्वतः उभे राहा. टेकू काढायची घाई नको, आणि काढताना बाल्कनीचे बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे काढत यायचे. हॉलचे मात्र मधून सुरुवात करून कडेला.

प्रश्न: आजोळचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर मे महिन्यातही गार असायचं. आता आमचं स्लॅबचं घर, रात्री 11 वाजता पण छत तापलेलं असतं. स्लॅबवर दोन फूट माती पसरली तर चालेल का? – एक भगिनी, लातूर

उत्तर: ताई, कृपा करून माती टाकू नका. दोन फूट माती कोरडी असतानाच दर चौरस मीटरला 900 किलोच्या पुढे जाते, पावसात भिजली की आणखी. गच्चीचा स्लॅब साधारणपणे माणसांची ये-जा आणि सामान यांचं मिळून 150 किलो धरून डिझाइन करतात, कोबा (गळती थांबवायला वर घालतात तो थर) वगैरे वेगळा धरून. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट तुमच्या भागात कोणाला सांगायला नको. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर वर्षानुवर्षं माती चढवत गेलेली माळवदं, हेच माणसांच्या अंगावर आलं. जमीन हलली की वस्तूवर येणारं बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असतं, म्हणून डोक्यावरचं वजन सगळ्यात घातक.

माळवद गार का राहायचं तर काँक्रीटपेक्षा सुकी माती उष्णता बरीच कमी वाहून नेते, आणि थरही चार-पाच पट जाड, त्यामुळे दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत रात्र उलटून पुन्हा गारवा यायचा. 5 इंची स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि तीन-चार तासांनी खाली सोडायला लागतो, म्हणून संध्याकाळी बाहेर वारं सुटतं आणि घरात मात्र भट्टी. पत्र्याचं उलटं, दुपारी बसवत नाही पण सूर्य गेला की लगेच निवतो. तुम्ही ऊन स्लॅबला लागूच देऊ नका: चुन्याचा दाट हात किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट, नाहीतर गच्चीवर दोन-तीन फूट उंचीवर हिरवी जाळी, खालून वारा खेळता राहील अशी. संध्याकाळी पाणी शिंपडल्यानेही फरक पडतो, पण लातूरला उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं हे मला कळतं, म्हणून आधी पांढरा रंग.

प्रश्न: कोठीच्या खोलीतला 6 फुटी कडप्पा धान्याच्या डब्यांसकट मधोमध तुटला. जाडच कडप्पा होता, मग का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: कडप्पा, शहाबाद, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, काँक्रीटसारखेच ताणाला कच्चे, आणि यांच्या पोटात सळई नसते. त्यामुळे वाकून इशारा देणं नाही, एकदम तुकडा. नवीन बसवताना मधोमध विटेचा नाहीतर कडप्प्याचाच उभा आधार द्या, गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, निम्मा झाला की दगडातला ताण चौथ्या हिश्शावर येतो. आणि आधारावर एकसंध 6 फुटी दगड टाकण्यापेक्षा 3 फुटाचे दोन तुकडे त्या आधारावर जोडलेले बरे, कारण एकसंध दगडाला आधाराच्या डोक्यावर वरून ताण येतो, तडा तिथून जातो. बसवण्याआधी फरशी उभी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द आवाज आला तर आत भेग असू शकते, परत करा.